वापरलेले कार्बन फायबर श्वसन सिलिंडर: ११ वर्षांनंतर काय तपासायचं, किती वापरायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बचाव पथकाला दुसऱ्या पथकाकडून ६.८ लिटरचे, ३०० बारचे चार कार्बन फायबर सिलिंडर मिळाले आहेत. उत्पादनाला ११ वर्षं झाली आहेत, लेबलवर आयुष्य १५ वर्षं दिलंय आणि शेवटची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी, सहा वर्षांपूर्वीची आहे. एकावर पट्ट्याखाली घासल्याच्या खुणा आहेत, दुसऱ्याच्या खांद्यावर फिकट पांढरा डाग आहे. हे सुरक्षित आहेत का, हायड्रो पास झाले तर १५ वर्षांनंतरही चालतील का, आणि एखादा पाण्याखालच्या कामाला वापरता येईल का, हे तुम्हाला हवंय.

आधी थेट उत्तर. आज यातला एकही भरू नका. अशा सिलिंडरांची मुदतीची तपासणी बहुतेक ठिकाणी दर पाच वर्षांनी असते, काही देशांत आणि काही जुन्या बनावटींना त्याहून लवकर. तुमची मुदत टळलेली आहे. पांढरा डाग असलेला सिलिंडर तर तपासणीपर्यंत वेगळा बांधून ठेवा. त्यात दाब असेल तर व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून हळूहळू मोकळा करा, पण पूर्ण शून्यावर आणू नका. १५ वर्षांनंतरचा आणि पाण्याखालचा प्रश्न पुढे घेतो.

खरी अडचण वयाची नाही. वय लेबलवर छापलेलं असतं. हा सिलिंडर कधी पडला का, आगीजवळ किती वेळ राहिला, कशाने धुतला, आत ओलसर हवा गेली का, हे कुठेच छापलेलं नसतं. स्टीलचा सिलिंडर आपटला तर पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या आवरणाला तोच धक्का बसला तर पृष्ठभाग पुन्हा जागेवर येतो आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले राहतात. म्हणून आधीच्या पथकाकडे भरणीची वही, तपासणीचे दाखले, पडल्या-आपटल्याच्या नोंदी असतील तर त्या आधी मागवा. सिलिंडरइतकंच त्या कागदांनाही मोल आहे.

आता बनावट, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्याकडचे बहुधा टाइप ३ असतील: आत ॲल्युमिनियमचं पातळ भांडं, म्हणजे लायनर, त्यावर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेल्या कार्बन धाग्यांचे आडवे-तिरपे वेढे आणि सगळ्यात बाहेर काचधाग्याचा थर. दाब पेलण्याचं मुख्य काम कार्बन करतो, हवा अडवण्याचं काम लायनर करतो. बाहेरचा काचथर झीज सोसण्यासाठी असतो. टाइप ४ मध्ये लायनर प्लॅस्टिकचा असतो. लेबलवर हे नसेल तर अनुक्रमांक देऊन उत्पादकाला विचारा, कारण दोन्हींचे बिघाड वेगळे.

टाइप ३ बनवताना एकदा मुद्दाम इतका दाब देतात की लायनर थोडा कायमचा ताणला जातो. दाब काढल्यावर कार्बनचं आवरण त्याला आवळून धरतं आणि रिकाम्या सिलिंडरमध्ये लायनर दाबाखाली राहतो. त्यामुळे भरणीच्या वेळी ॲल्युमिनियमवर येणारा ताण कमी होतो आणि भेगा पडायला फार जास्त भरण्या लागतात. शेवटी भेग पडलीच तर चांगल्या आराखड्यात ती फुटण्याऐवजी गळतीच्या रूपात दिसते. पण हे संरक्षण फक्त लायनरच्या थकव्यापुरतं आहे. वरचे कार्बन धागे तुटले असतील तर ते उपयोगी पडत नाही.

आयुष्य १५ वर्षंच का?

आयएसओ ११११९ या अशा सिलिंडरांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आराखड्याची चाचणी घेताना आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला २५० दाबचक्रं (एकदा दाब देऊन काढला की एक चक्र) धरतात आणि तीही चाचणी दाबापर्यंत, म्हणजे ३०० बारच्या सिलिंडरला ४५० बारपर्यंत. १५ वर्षांसाठी ही संख्या ३,७५० होते. अमर्याद आयुष्याची मान्यता हवी असेल तर १२,००० चक्रं काढावी लागतात. आठवड्यातून एकदोनदा भरणाऱ्या पथकाचा सिलिंडर १५ वर्षांत या आकड्याच्या जवळही जात नाही. प्रशिक्षण केंद्रात दिवसाला चार वेळा भरला जाणारा सिलिंडर मात्र चारेक वर्षांत तो आकडा ओलांडतो. त्याचं प्रत्येक चक्र ४५० ऐवजी ३०० बारचं असल्यामुळे नुकसान कमी होतं, पण मोजणी ठेवलीच पाहिजे. तुमचे चार कुठून आले हे म्हणूनच विचारा.

म्हणजे साध्या वापरात भरण्यांची संख्या मुदत ठरवत नाही. मुदत ठरते ती रेझिनचं उन्हाने-उष्णतेने होणारं जुनेपण, हाताळणीतले धक्के आणि सतत ताणाखाली राहिलेल्या धाग्यांची हळूहळू होणारी झीज यांनी. काचधागे या शेवटच्या प्रकाराला सगळ्यात कच्चे आणि कार्बन सगळ्यात पक्का, म्हणून जुन्या काचधागा-सिलिंडरांपेक्षा कार्बनवाल्यांवर जास्त भरवसा ठेवता येतो.

लेबलवर शेवटची तारीख छापलेली असेल तर हायड्रो पास झाल्याने ती पुढे सरकत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. अमेरिकेत विशेष परवान्याखाली काही ठरावीक बनावटींचं आयुष्य मोडल अकूस्टिक एमिशन नावाच्या तपासणीने वाढवून मिळतं. दाब देताना धागे तुटल्याचे किंवा थर सुटल्याचे सूक्ष्म ध्वनी संवेदकांनी टिपून ती केली जाते. तुमच्या देशात अशी सोय नियमात असेल आणि तुमच्या मॉडेलला लागू असेल तरच विचार करा. नसेल तर १५ म्हणजे १५. लेबलवर अमर्याद आयुष्य असं लिहिलेलं असेल तर मुदत नाही, पण दर पाच वर्षांची तपासणी तरीही सुटत नाही.

हायड्रो टेस्टवर सगळा भार टाकू नका

हायड्रोमध्ये सिलिंडर पाण्याने भरून चाचणी दाबापर्यंत नेतात, तो किती फुगला आणि दाब काढल्यावर किती परत आला हे मोजतात. ही संपूर्ण सिलिंडरची सरासरी आहे. तळहाताएवढ्या भागात थर सुटले असतील, थोडे धागे कापले गेले असतील, तर एकूण फुगण्यात फरक पडेलच असं नाही. म्हणून जाणत्या तपासनिसाच्या लेखी हायड्रोच्या आधीची डोळ्यांनी केलेली तपासणी जास्त महत्त्वाची असते. तिथे नापास झालेला सिलिंडर पाण्याच्या टाकीपर्यंत जातच नाही. अशा सिलिंडरांच्या नियतकालिक तपासणीसाठी आयएसओ ११६२३ हे मानक आहे आणि त्यात नुकसान तीन पातळ्यांत मांडलेलं आहे: पहिली चालते, दुसरीला अधिक तपासणी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी दुरुस्ती लागते, तिसरी म्हणजे बाद. नेमक्या मर्यादा उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये असतात आणि मॅन्युअल व मानक यांत फरक असेल तर कडक मर्यादा धरा.

तुम्ही स्वतः पाहणी करून अंदाज घेऊ शकता, निर्णय मात्र तपासनिसाचा. पाहणी अशी करा. बाहेरचं कव्हर, जाळी, रबरी टोपी, स्टिकर सगळं काढा. नुकसान नेमकं त्यांच्याखाली लपलेलं असतं आणि कव्हरखाली ओलावा आणि वाळूही साचते. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसून कोरडं करा. मग टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि सिलिंडर हळूहळू फिरवा. समोरून मारलेल्या उजेडात ओरखडा सपाट दिसतो, आडव्या उजेडात त्याची सावली पडते.

पट्ट्याखालच्या झिजेत एकच प्रश्न महत्त्वाचा: झीज काचथरातच थांबली की खालचा काळा कार्बन उघडा पडला? नखाला जाणवणारी खाच खोली मोजायच्या गेजने मोजावी लागते, कारण परवानगी असलेली खोली मिलिमीटरच्या अंशांत असते आणि डोळ्यांचा अंदाज तिथे चालत नाही. काळे धागे कापलेले किंवा सुटून उभे राहिलेले दिसले तर तो सिलिंडर तिथेच बाजूला ठेवा. काचथरातले सुटलेले एकदोन धागे तपासणी केंद्र इपॉक्सीने बसवू शकतं. घरी बाजारातल्या इपॉक्सीने भरून टाकू नका. खाच झाकली जाते, खोली मोजता येत नाही आणि तपासनीस तुमचा सिलिंडर बाद करतो. झीज पुन्हा होऊ नये म्हणून पाठीच्या पट्टीचं बकल कुठे घासतं ते बघा. बकल आणि सिलिंडर यांच्यामध्ये अडकलेली वाळू सँडपेपरचं काम करते.

खांद्यावरच्या पांढऱ्या डागाबद्दल मला जास्त काळजी वाटते. काचधागा आणि रेझिन यांचा जोड सुटला की तिथे उजेड विखुरतो आणि भाग पांढुरका दिसतो. म्हणजे तिथे बहुधा धक्का बसलेला आहे. खांदा आणि तळाची गोलाई याच भागांवर सिलिंडर पडताना आपटतो. तिथली वळणं गुंतागुंतीची असतात आणि लांबीच्या दिशेचा भार पेलणारे तिरपे वेढे तिथूनच वळतात. मान्यतेच्या चाचणीत सिलिंडर १.२ मीटरवरून वेगवेगळ्या बाजूंवर पाडून बघतात, तेव्हा टेबलावरून पडणं हे आराखड्यात धरलेलं आहे. जिन्यावरून किंवा गाडीच्या टपावरून पडणं धरलेलं नाही.

डागाची एक साधी चाचणी: सिलिंडरचा दाब कमी असताना नाण्याच्या कडेने डागावर आणि त्याच उंचीवर समोरच्या बाजूला हलकेच टकटक करा. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या भागाचा बद्द. बद्द आवाज आला तर सिलिंडर बाद धरा. आवाज सारखा आला म्हणजे ठीक, असं मात्र म्हणता येत नाही. मग व्हॉल्व्ह काढून आतून बोअरस्कोपने, म्हणजे आत सरकवता येणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने, बरोबर त्या डागामागचा लायनर बघायला सांगा. तिथे ॲल्युमिनियमवर लहानसा का होईना फुगवटा किंवा पोचा असेल तर वरचं आवरण कितीही चांगलं दिसो, निर्णय झाला.

उष्णता आणि रसायनं

काजळी आणि जळणं यात फरक आहे. साबणाच्या पाण्याने पुसून निघाली तर ती काजळी. पुसल्यावरही रेझिन तपकिरी-काळं राहिलं, लेबल करपलेलं असेल, गेजची काच वितळलेली असेल किंवा रेझिन जाऊन कोरडे धागे दिसत असतील तर सिलिंडर वापरातून काढा. यामागे दोन कारणं आहेत. इपॉक्सी बहुधा १०० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागतं. आणि लायनरसाठी वापरल्या जाणाऱ्या ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूला उष्णता-प्रक्रियेने आलेली ताकद १७५ अंशांच्या वर टिकत नाही. ती एकदा गेली की थंड झाल्यावर परत येत नाही आणि बाहेरून कळतही नाही. रंग वाळवायच्या भट्टीत सिलिंडर घालू नये तेही याच कारणाने. तसंही उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय रंग देऊच नका, कोरून क्रमांकही टाकू नका.

रसायनांत सगळ्यात धोकादायक आम्ल. ताणाखाली असलेल्या काचधाग्यात आम्लामुळे भेगा पडतात, अगदी सौम्य आम्लानेही. बॅटरीशेजारी सिलिंडर ठेवायचा नाही. रंग काढायचं द्रावण, तीव्र अल्कली, ब्लीच यांनी पुसायचं नाही. संपर्क झाला असेल तर भरपूर पाण्याने धुवा, कोणतं रसायन होतं ते चिठ्ठीवर लिहून सिलिंडरला बांधा आणि तपासणीला पाठवा. निव्वळ उन्हाने वरचं रेझिन खडूसारखं पांढुरकं होतं, ते बहुतेक वेळा वरवरचं असतं. पण ते आणि धक्क्याचा डाग यांची गल्लत करू नका: उन्हाचा परिणाम मोठ्या पट्ट्यात आणि एकसारखा असतो, धक्क्याचा डाग एका ठिकाणी असतो.

आतल्या बाजूला लायनरवर पांढरी भुकटी दिसली तर ते ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, म्हणजे आत ओलावा गेला होता. भुकटी साफ होते, खाली खड्डे पडले असतील तर ते मोजावे लागतात. मानेतल्या आट्यांमध्ये उभी भेग शोधायची असते. जुन्या ६३५१ मिश्रधातूच्या लायनरमध्ये या भेगांची समस्या गाजलेली आहे. ६०६१ मध्ये ती तशी नाही, तरी आटे तपासलेच जातात. व्हॉल्व्ह परत बसवताना ओ-रिंग नवीन आणि टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, उत्पादकाने दिलेला. आटे कोणते याची खात्री करा. श्वसनयंत्राच्या सिलिंडरांत एम १८ × १.५ हे आटे सर्रास असतात, डायव्हिंगच्या सिलिंडरांत एम २५ × २. दिसायला जवळचे पण वेगळ्या मापाचे आटे जबरदस्तीने बसवले तर व्हॉल्व्ह दाबाखाली उडतो. डायव्हिंगमध्ये अशाने जीव गेलेले आहेत.

भरताना

तपासणी पास झाल्यावरच्या भरणीबद्दल. ६.८ लिटर, ३०० बारच्या सिलिंडरमध्ये साठलेली ऊर्जा सुमारे ४०० किलोज्यूल असते. म्हणून भरणी संरक्षक पेटीत करा आणि माणूस पेटीबाहेर ठेवा. वेग साधारण मिनिटाला २० ते ४० बार, मॅन्युअलमध्ये याहून कमी दिला असेल तर तो. कॉम्पोझिटची, म्हणजे धागे आणि रेझिनची, भिंत उष्णता लवकर बाहेर सोडत नाही, त्यामुळे जलद भरलेल्या सिलिंडरमधली हवा तापलेलीच राहते. ५० अंशांना ३०० बार दाखवणारा सिलिंडर २० अंशांवर आला की २७० बारच्या आसपास उतरतो. उपाय म्हणजे थंड झाल्यावर वरून भरणे. आधीच ३३० पर्यंत चढवून ठेवणे हा उपाय नव्हे. लेबलवरचा दाब युरोपीय बनावटीत १५ अंशांना धरलेला असतो, अमेरिकी बनावटीत सुमारे २१ अंशांना. पाण्याच्या टाकीत बुडवून भरायची पद्धत स्टीलसाठी होती. इथे भिंतच उष्णता अडवते, म्हणून फायदा नगण्य आणि व्हॉल्व्हमध्ये पाणी जायचा धोका मात्र खरा.

भरताना आवाज ऐका. धाग्यांचं आवरण पूर्वी सोसलेल्या कमाल दाबापर्यंत साधारण शांत राहतं, याला कायझर परिणाम म्हणतात. तुमचा सिलिंडर हायड्रोमध्ये ४५० बारला जाऊन आलेला असेल तर ३०० च्या आत त्याने तडतडायला नको. जुना सिलिंडर नेहमीच्या दाबाखाली टिकटिक करू लागला तर भरणी थांबवा, माणसं दूर करा, दुरूनच दाब सोडा आणि तो तपासणीला पाठवा. हायड्रोच्या आधी, अगदी नव्या आवरणात, थोडा आवाज येणं वेगळं.

हवेचा दर्जाही आयुष्याशी जोडलेला आहे. युरोपीय मानक ईएन १२०२१ नुसार कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५ भाग) आत, कार्बन डायऑक्साइड ५०० पीपीएमच्या आत, तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि २००-३०० बारला भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी घनमीटरला २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. फिल्टर वेळेवर बदलला नाही तर पहिला बळी लायनर, दुसरा थंडीत गोठणारा रेग्युलेटर. हवेच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरू नका. त्यासाठी साफसफाई, व्हॉल्व्ह आणि मान्यता सगळंच वेगळं लागतं. प्लॅस्टिक लायनर असेल तर विचारसुद्धा करू नका.

२०० आणि ३०० बारच्या जोडण्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आहेत: २०० बारचा कनेक्टर ३०० बारच्या व्हॉल्व्हवर सीलच होत नाही. ती अडचण काढायला कुणी घरगुती अडॅप्टर दिला तर घेऊ नका.

वापरून झाल्यावर आत दोनतीन बार ठेवून व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे बाहेरची दमट हवा शिरत नाही. टाइप ४ च्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे. दाब झपाट्याने शून्यावर आणला तर भिंतीत मुरलेली हवा लायनरच्या मागे अडकून त्याला आत ढकलते आणि लायनर सुरकुततो. नियोजन करताना ६.८ गुणिले ३०० म्हणजे २,०४० लिटर असं धरू नका. या दाबाला हवा आदर्श वायूसारखी वागत नाही, प्रत्यक्षात सुमारे १,८५० लिटर मिळतात. मिनिटाला ४० लिटरने ती ४५ मिनिटं पुरते, अवजड कामात त्याच्या निम्मीही नाही.

पाण्याखाली

नको. लेबलवर पाण्याखालच्या वापराची मान्यता म्हणून यूडब्ल्यू ही खूण असेल तरच विचार करा, आणि तुमच्याकडच्या श्वसनयंत्राच्या सिलिंडरांवर ती बहुधा नसेल. खारं पाणी, कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजतो. लायनर आणि कार्बन यांच्यामध्ये बहुधा वेगळा अडवणारा थर असतो, तो त्यांना वेगळं ठेवतो, पण एखाद्या ओरखड्यातून पाणी आत गेलं की ते संरक्षण संपतं. शिवाय हा सिलिंडर भरलेला असतानाही पाण्यात तरंगतो आणि हवा संपत आली की आणखी दोन किलोंहून जास्त उचल देतो. तळाशी काम करणाऱ्या माणसाला ही उचल सगळ्यात नको त्या वेळी मिळते.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधीच्या पथकाकडून कागद मागवा, चारही सिलिंडर मान्यताप्राप्त केंद्राकडे डोळ्यांच्या तपासणीसाठी द्या आणि जे टिकतील त्यांचीच हायड्रो करा. उरलेल्या चार वर्षांसाठी हा खर्च परवडतो का हे तुमच्या वापरावर आहे. वर्षातून मोजके प्रसंग असतील तर एखादा नवा सिलिंडर घेणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं. जो बाद होईल तो भंगारात तसाच टाकू नका, कुणीतरी उचलून तो भरेल. दाब पूर्ण काढून, व्हॉल्व्ह उतरवून, मानेचे आटे कापून घ्या किंवा लायनरला आरपार भोक पाडून घ्या. हे काम तपासणी केंद्राकडूनच करवून घ्या, कारण कार्बन कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना आणि डोळ्यांना त्रासदायक असते. अनुक्रमांकासह बाद केल्याचा दाखला तुमच्या वहीत लावा.